मोठ्यांसाठी कधी लिहिणार?

(१९७९च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'बालसाहित्यिकाचा प्रवास' असा भारदस्त विषय दिला आहे. पण सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्या तिघांनी विचारलं, "अजून मुलांचंच लिहितेस? मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" एरवी मी हसून वेळ मारून नेते. आज उत्तर देते.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की मराठीच्या बाई वाचनालयाचं कपाट उघडायच्या, आठवतंय? 'फास्टर फेणे'साठी आपण चिठ्ठ्या टाकायचो. फुरसुंगीचा तो किडकिडीत पोरगा आपल्याच वर्गात बसतो, असं वाटायचं. भा. रा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढलं, ज्यूल व्हर्नला मराठीत आणलं, आयुष्याचा मोठा भाग मुलांसाठी लिहिण्यात घातला, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की हा माणूस आपल्याला बाळबोध समजून लिहीत नाही.

आता माझं काम. निवृत्तीपर्यंत बँकेत नोकरी केली, आणि लेखन पहाटे साडेचार ते साडेसहा, डबे व्हायच्या आधी. हिशेब बँकवालीच्या तोंडून ऐका : पुस्तकाची किंमत ४० रुपये, मानधन दहा टक्के, आवृत्ती एक हजाराची. सगळ्या प्रती खपल्या तर चार हजार रुपये, आणि खपायला तीन वर्षं. तेव्हा पोसलं बँकेनं, हे प्रामाणिकपणे सांगते.

छापखान्यात पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यावर मोजतात. नाव आणि प्रकाशनाची माहिती यांना दोन पानं गेली की चौदा उरतात. त्यात गोष्ट बसवायची. चित्रकारानं छत्री घेतलेली मुलगी काढली, की 'पाऊस पडत होता' हे माझं वाक्य मीच खोडते. नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलांसाठी तर जोडाक्षरं नकोत. एकदा 'मित्र' लिहायचा होता. मित्र चालेना, दोस्त चालेना, मैत्रीणही नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर 'सोबती' सापडला. त्या दिवशी बँकेत माझी रोकड दोनदा चुकली.

आता जे सांगायला उभी राहिले आहे, ते सांगते.

माझ्या दुसऱ्या पुस्तकात एक मुलगा होता. वर्गात उभं राहून वाचताना तो अडखळायचा आणि सगळे हसायचे. तो मी आपल्याच वर्गातून उचलला होता. नाव बदललं, गाव बदललं, अडखळणं तसंच ठेवलं. कथाकथनात त्या पानावर हमखास हशा यायचा, आणि मला त्याचा अभिमान होता.

पुढे सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ती गोष्ट वाचली. नेहमीसारखी मुलं हसली. मागच्या रांगेतल्या तिसरीतल्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "मग तो घरी जाऊन आईला काय म्हणाला?"

मला उत्तर येईना. त्याच्यावर हसणाऱ्यांत मीही होते, आणि त्याच्या घरापर्यंत कधीच गेले नव्हते. शाळेत असताना नाही, आणि गोष्ट लिहितानाही नाही.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशक म्हणाले, "चांगलं चाललंय, कशाला बदलता? पानं पुन्हा जुळवावी लागतील." तो खर्च मी दिला आणि दोन पानं नव्यानं लिहिली. आता तो मुलगा घरी जातो, आईला काहीच सांगत नाही, गोठ्यात जाऊन म्हशीला धडा वाचून दाखवतो. म्हैस हसत नाही. त्या पानावर आता हशा येत नाही. काही मुलं चुळबुळ करतात, काही एकदम गप्प होतात.

तो आपला वर्गमित्र आज इथे बसला आहे. नाव घेत नाही, पण हे त्याला विचारूनच सांगते आहे. सकाळी मी दोन्ही आवृत्त्या त्याच्या हातात ठेवल्या. त्यानं पहिली चाळली आणि मला परत दिली. दुसरी पिशवीत टाकली. म्हणाला, "नात दुसरीत आहे. ती वाचेल, मी ऐकीन." माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

तर मोठ्यांसाठी का लिहीत नाही? ते पुस्तक संपादकांनी वाचलं, परीक्षण करणाऱ्यांनी वाचलं, तुमच्यातल्या अनेकांनीही वाचलं. सगळे "छान" म्हणाले. तो घरी जाऊन काय म्हणाला, हे त्या एका पोरीनं विचारलं. असा वाचक सोडून मी कुठे जाऊ?

शेवटी एक मागणं. मघाशी वाचनालयाचं कपाट पाहिलं. कुलूप गंजलं आहे. देणगीतून नवी पुस्तकं येतील, पण दर शनिवारी कपाट उघडणारं माणूसही हवं. गावात राहणाऱ्यांनी एकेक शनिवार वाटून घ्यावा. पहिला शनिवार माझा. दुसरा कोण घेतंय, ते जेवणाच्या पंगतीत सांगा.