लेकराला ओळखणारी दहा घरे

(पातूर येथे पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘स्वमग्नता आणि समाज’. मी वैद्य नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि जवळपास तीस वर्षे वृत्तपत्रात बातम्या लिहिणारा माणूस. या विषयाकडे मी वळलो तो ज्ञानामुळे नव्हे, एका अपराधामुळे. प्रारंभी तोच सांगतो.

१९९८ सालची गोष्ट. वऱ्हाडातील एका गावच्या यात्रेत सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाला लोकांनी चोर समजून बदडले. नाव विचारले की तो विचारलेलाच प्रश्न पुन्हा उच्चारी, अंगाला हात लावला की किंचाळे, आणि एका दुकानातील पितळी घंटा काही केल्या हातातून सोडीना. दुसऱ्या दिवशी मी सहा ओळींची बातमी दिली : ‘वेडसर तरुणाचा यात्रेत गोंधळ’. आठवड्याने त्याची आई कचेरीत आली. भांडायला आली असेल असे मला वाटले. ती एवढेच म्हणाली, ‘‘भाऊ, माहं लेकरू येडं नाही. त्याले गलबला सोसत नाही. मारनारे मारून गेले, पन तुमचं छापलेलं घरोघरी गेलं.’’

त्या मुलाच्या अवस्थेला काय म्हणतात हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते आणि तिलाही नव्हते. कायद्यालाही नव्हते म्हटले तरी चालेल. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार मोजले होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती प्रथम आली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान दिले.

स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. आपल्याला कुकरची शिट्टी ऐकू येते, त्या मुलाला ती टोचते. नजरेला नजर देणे, बोलण्यातला रोख ओळखणे, आजचा रस्ता कालच्याहून वेगळा असणे, या आपल्या लेखी क्षुल्लक गोष्टी त्याला डोंगराएवढ्या असतात. काही मुले मुळीच बोलत नाहीत, काही अस्खलित बोलतात आणि तरीही एकटी पडतात. जगभरातील अंदाज पाहिले तर शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असे असते. म्हणजे आपल्या गावच्या प्रत्येक मोठ्या शाळेच्या पटावर ती असायला हवीत. पटावर नसतील तर ती कुठे आहेत? ती घरात आहेत, माजघराच्या दाराला कडी लावून.

कडी कोण लावते? आईच लावते, आणि दोषही तिलाच मिळतो. ‘गर्भारपणी ग्रहण पाळले नाही’, ‘कोणाचा तरी तळतळाट लागला’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. पाश्चात्त्य विद्वानही याबाबतीत काही शहाणे नव्हते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था जगासमोर मांडली. त्यानंतर दोन दशके तेथील तज्ज्ञ ‘आई थंड स्वभावाची म्हणून मूल असे झाले’ असेच सांगत राहिले. ते मत १९६४ साली पुराव्यानिशी खोडून काढले बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, आणि तो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता. आमच्या आजीबाईंनी ग्रहण पुढे केले, त्यांच्या प्राध्यापकांनी शास्त्र पुढे केले. चटका दोन्हीकडे आईलाच.

आपण एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगतो, आणि तो मलाही आहे. पण येथे प्रामाणिक असले पाहिजे. दहा माणसांच्या घरात अशा मुलामागे धावणारी एकच व्यक्ती असते. ती लग्नाला जात नाही, आजारी पडत नाही, तिला पडूनच चालत नाही. कुटुंब आहे म्हणून आधार आहे, असे आपोआप होत नाही.

आपल्याच मातीतील गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली ती रुग्णासाठी नव्हे, रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांसाठी. खाट रुग्णाला मिळते, पण त्याच्या उशाशी बसलेल्याने पाठ कोठे टेकायची, हे त्या निरक्षर संताला दिसले. स्वमग्न मुलाची आई ही अशीच उशाशी बसलेली बाई आहे, आणि तिचे बसणे जन्मभराचे आहे.

‘‘आमी गेल्यावर याले कोन पाहीन?’’ हा प्रश्न मी ज्या ज्या घरी गेलो त्या प्रत्येक घरी ऐकला. याचे एक उत्तर आपल्या वऱ्हाडातच उभे आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे घर चालवले आहे. एकशे तेवीस मुलांच्या कागदपत्रांवर बाप म्हणून त्यांनी स्वतःचे नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा टाळ्या आपण सर्वांनी वाजवल्या; त्यांची मागणी मात्र किती जणांनी ऐकली? बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की नियमाने बाहेर काढायचे. धडधाकट मुलाचे एक वेळ ठीक. पण ज्याचे मन सात वर्षांचेच राहिले, त्याचा अठरावा वाढदिवस कोणता? अशा मुलांना आजन्म त्याच घरी राहू द्या, असे बाबा वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

तथापि प्रत्येक तालुक्यात शंकरबाबा जन्माला येत नाहीत, आणि आपली मुले बेवारसही नाहीत. त्यांना घर आहे. मला हवी आहेत ती त्या घराभोवतालची दहा घरे.

कायदा आपल्याला बरेच देतो, पण मागितल्यावाचून देत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आरोग्य पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. दोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. लवकर सुरू केलेल्या प्रशिक्षणाने पुष्कळ फरक पडतो. मूळ अवस्था घालवणारे औषध मात्र नाही, आणि ते विकणाऱ्यांपासून सावध राहा. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी आहे. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीने आई-वडीलही आपोआप पालक उरत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. बँकेत, शेताच्या वाटणीत हा कागद नसेल तर काय होते, ते वकिलांना विचारा. सरकारी नोकरीत असलेल्या पालकांनी अशा अपत्याचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वेळीच नोंदवावे.

कागद आपल्यापैकी कोणीही करू शकेल. त्यापलीकडचे काम शेजाऱ्याचे आहे. शनिवारी दुपारी दोन तास शाळेची एक खोली आणि दोन समजूतदार माणसे मिळाली, तर चार आयांना झोप मिळेल. नवरात्रात रेणुकामातेच्या टेकडीवर गर्दी उसळण्याआधी, पहाटे या कुटुंबांना दर्शन घडवता येईल. मिरवणुकीतला कर्णा त्यांच्या दाराशी दोन मिनिटे बंद ठेवता येईल. कार्यकर्त्यांनी वर्गणीला जाताना हेही टिपून घ्यावे, की कोणत्या घरी आपल्याला कडीच्या आतले मूल दिसले.

तो यात्रेतला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. वडील गेले, आई थकली. रोज सायंकाळी पाच वाजता तो गावातल्या एकाच चहाच्या टपरीवर येतो. टपरीवाल्याने त्याच्यासाठी निळ्या काठाचा एक कप वेगळा ठेवला आहे. दुसऱ्या कपात तो चहा घेत नाही. पैसे आई महिन्याचे देते. मध्ये दोन दिवस तो आला नाही, तर टपरीवाला गल्ला पोरावर सोपवून घरी गेला. म्हातारी तापाने निपचित पडली होती आणि हा तिच्या उशाशी बसून होता. डॉक्टर टपरीवाल्यानेच आणला. त्याने स्वमग्नता हा शब्द ऐकलेला नाही.

प्रमाणपत्राचे आणि पालकत्वाचे अर्ज मी सोबत आणले आहेत. चहा झाल्यावर येथेच बसू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी भरून देतो.