अंगाला कापड, की कापडाला अंग?



मराठी बायकांनी लुगडे कसे नेसावे, अंबाड्यावर गजरा कसा माळावा, हे एके काळी महाराष्ट्राला एका पुरुषाने शिकवले, असे सांगितले तर आजच्या मुलींना ती थट्टा वाटेल. पण ती थट्टा नव्हे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, 1911 साली 'मानापमान' नाटकात भामिनी होऊन उभे राहिले, 1916 साली 'स्वयंवरा'त रुक्मिणी झाले, आणि पुढे कितीतरी वर्षे चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखे नेसण्याची नि माळण्याची खटपट करीत राहिल्या. त्यांची छबी साबणावर, पावडरीच्या डब्यावर छापली जाई. आज ज्याला आपण 'मॉडेल' म्हणतो, तसे मराठी स्त्रीपुढचे पहिले मोठे मॉडेल कोणते, असे मला कुणी विचारले तर मी तरी बालगंधर्वांचेच नाव घेईन.

आणि यात फसगत कुणाचीच झाली नाही! समोरची रुक्मिणी हा पुरुष आहे, हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक होते. पन्नाशी उलटल्यावर, अंग सुटल्यावरही ते नायिका होऊन उभे राहत आणि लोक गाण्यासाठी ते सारे गोड मानून घेत. पडदा पडला की खेळ संपला. घरी आलेली बाई भामिनीसारखा गजरा माळी, पण आपले अंगच भामिनीसारखे नाही म्हणून तिने जेवण सोडले, असे काही झाले नाही. मला आज जे सांगायचे आहे ते या फरकाबद्दल आहे. सोंग हे सोंग म्हणून पाहणे निराळे, आणि सोंग खरे म्हणून गळी उतरवणे निराळे.

छापील चित्रे आली तेव्हापासून हे हळूहळू बदलत गेले. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी खेडोपाडी पोचल्या. त्याआधी आपल्या गावची देवी म्हणजे बहुधा शेंदूर फासलेला तांदळा. तिला नाक नाही, डोळे नाहीत, कंबर तर नाहीच नाही. तरी ती नवसाला पावत होती. तसबिरीतल्या लक्ष्मीला मात्र गोरा रंग आला, विशिष्ट बांधा आला, आणि भिंतीवरची ती लक्ष्मी पाहून 'सून कशी लक्ष्मीसारखी हवी' या म्हणण्याला एक ठराविक चेहरा मिळाला. त्याच काळात कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईत निरनिराळ्या जातिजमातींच्या बायका दिसल्या तशा रंगवीत होते. कोळीण कोळणीसारखी, मोलकरीण मोलकरणीसारखी. 1920 साली 'विमेन ऑफ इंडिया' या इंग्रजी ग्रंथात त्यांची ती चित्रे निघाली. पण ग्रंथ कपाटात राहिला, आणि कॅलेंडर भिंतीवर गेले.

पुढे साबणवाले आले. 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. तिथे दिसलेली ती पहिली भारतीय अभिनेत्री म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्या धारवाडच्या, पदवीधर, मुलाबाळांच्या आई, आणि वयाची तिशी ओलांडलेल्या. आजच्या जाहिरातवाल्यांच्या हिशेबात हे बसले असते की नाही, मला शंकाच आहे.

आता आमच्या लोणी काळभोरकडे येतो. पुणे-सोलापूर रस्ता आमच्या गावावरून जातो. लग्नसराई आली की रस्त्याच्या दुतर्फा मोठमोठे फलक लागतात. साड्यांचे, दागिन्यांचे, तयार कपड्यांचे. फलकावरची बाई गोरी, उंच, सडसडीत, वय विसाच्या आसपास. हा फलक असो की तो, बाई जणू तीच. आषाढी वारीच्या वेळी तुकोबांची पालखी पुण्याहून निघते ती आमच्याच गावी मुक्कामाला असते. त्या दिवशी त्याच फलकांखालून हजारो बाया चालत जातात. कुणी ठेंगणी, कुणी उंचीपुरी, कुणी वाकलेली; डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली, उन्हाने रापलेली. त्या ज्याला भेटायला निघालेल्या असतात तो विठोबा तर सावळाच. एवढ्या गर्दीत फलकावरच्या बाईसारखी एक बाई तुम्ही शोधून दाखवा! मग खरे कोण, खालून चालणाऱ्या की वर टांगलेली?

मी मराठी शिकवतो, तेव्हा शब्दांकडे लक्ष जाणे ओघानेच आले. आपल्या भाषेत बाईच्या अंगलटीला किती शब्द आहेत पाहा: शेलाटी, सडपातळ, काटक, ठसठशीत, भरल्या अंगाची, हाडापेराने मजबूत, ठेंगणीठुसकी. रंगालाही तसेच: गव्हाळ, निमगोरी, सावळी, काळीसावळी. यांतले काही शब्द कौतुकाचे, काही नुसते वर्णनाचे. बोचणारे शब्दही आहेत. आपल्या आज्या काही साधुसंत नव्हत्या, आणि मुलगी पाहायला गेलेली मंडळी तर नव्हतीच नव्हती. पण हरतऱ्हेच्या देहाला भाषेत जागा होती. जाहिरातीच्या भाषेत दोनच बायका राहिल्या: एक माल वापरण्यापूर्वीची आणि दुसरी वापरल्यानंतरची.

कपड्यांचीही तीच तऱ्हा. नऊवार लुगडे घ्या. त्याला माप नाही. सासूचे सुनेला होते, बाळंतिणीला होते, शेतात खोचून कामाला उतरणारीलाही होते. चोळी तेवढी मापाची, पण ती अंगावर बेतलेली. पुढे ब्लाउज आला तरी जुना ब्लाउज मापाला द्यायचा आणि शिंप्याने त्याबरहुकूम शिवायचे, हा रिवाज टिकला. शिवणीच्या आत चांगला शिंपी दोन बोटे जादा कापड सोडतो. अंग भरले तर उसवून सैल करता यावे म्हणून. त्या जादा कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात. ज्याने कुणी हे नाव दिले त्याला बाईचे आयुष्य ठाऊक असले पाहिजे.

आता दुकानात तयार कुर्ता मिळतो. त्यावर एस, एम, एल, एक्सएल अशी अक्षरे. आत माया नाही. दुकानाच्या काचेआड जो पुतळा उभा असतो, त्याच्या पाठीमागे जाऊन पाहा एकदा. कापड टाचण्यांनी मागे ओढून धरलेले असते, म्हणून पुढून ते अंगासरशी बसलेले दिसते. फोटो काढतानाही चिमटे लावून हीच युक्ती करतात. म्हणजे पुतळ्यालासुद्धा जो कपडा नीट बसत नाही, तो आपल्याला बसत नाही म्हणून मुलगी कपडे बदलण्याच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर येते. आमच्या बाजारपेठेतले एक वयस्क शिंपी मला म्हणाले, "सर, पूर्वी बाई म्हणायची, दंडात रुततंय, जरा उसवून द्या. आता पोरी म्हणतात, काका, राहू द्या तसाच, मीच कमी होते."

त्या अक्षरांमागची मापे तरी कुणाची? आपल्याकडचे पुष्कळ कारखानदार विलायती नि अमेरिकी तक्त्यांवरूनच कापड कापीत आले. भारतीय माणसांचा स्वतःचा मापतक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने या शतकात 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली. 15 ते 65 वयाच्या 25,000 लोकांची मापे घ्यायची, आणि तीही दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कोलकाता नि शिलाँग धरून सहा शहरांत. काम चांगले आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र सहाही शहरेच. पाण्याचा हंडा नि उसाची मोळी उचलणाऱ्या बाईच्या खांद्याचे माप कुठे घेतले जाणार, हे मला त्यात दिसले नाही.

तुम्ही म्हणाल, कपडा बसला नाही तर बसला नाही, एवढे काय त्याचे? शिक्षक बंधुभगिनींना मात्र हे ठाऊक असेल. वर्गातल्या मुली डबा पुरता उघडत नाहीत. भाकरी घरून आली तशी परत जाते. विचारले तर म्हणतात, भूक नाही. आता आकडे ऐका. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. 15 ते 19 वयाच्या मुलींत तर 59 जणींच्या. मुळात रक्त कमी, त्यात मुलगी हौसेने उपाशी!

याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. वजन किलोत घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की जो अंक येतो, तो 18.5 च्या खाली गेला तर बाईला कृश समजतात. इस्राएल देशाने 2012 साली कायदा केला की, या अंकाच्या खाली असलेल्या व्यक्तीला जाहिरातीत मॉडेल म्हणून उभे करायचे नाही. आपल्या देशात शंभरातल्या जवळजवळ 19 बायका या अंकाखाली आहेत. म्हणजे तिकडे ज्या कृशपणाला कायद्याने मज्जाव केला, तो इकडे दर पाचांत जवळजवळ एकीच्या वाट्याला आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी दारिद्र्याने नि कष्टाने आलेला आहे. दुसरीकडे शंभरात 24 जणींचे वजन जास्त आहे. त्यांनीही काळजी घ्यायला हवी, पण ती डॉक्टरला विचारून, फलकाला विचारून नव्हे.

फ्रान्सने 2017 साली दोन गोष्टी केल्या. मॉडेलला प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला सक्तीचा केला, आणि यंत्राने कंबर बारीक किंवा पाय लांब केलेल्या जाहिरातीवर 'हे छायाचित्र सुधारलेले आहे' असे छापणे भाग पाडले. न छापल्यास साडेसदतीस हजार युरोपर्यंत दंड. फोटोवर हात फिरवणे हे काही नवे नव्हे. जुने फोटोग्राफर काचेवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवीतच असत. पण तेव्हा ती फोटोग्राफरची कला होती. आता ती खिशातल्या फोनमध्ये आली. सातवीतली मुलगी स्वतःचाच चेहरा फोनमध्ये गोरा नि निमुळता करून पाहते. फलकावरची बाई निदान परकी तरी होती.

आपल्याकडे असा छापील इशारा सक्तीचा व्हावा, असे मला वाटते. भारतीय जाहिरात मानक परिषद म्हणून मुंबईत एक संस्था आहे, 1985 सालापासून. जाहिरातवाल्यांनी स्वतःवर लावून घेतलेला तो अंकुश. 2014 साली तिने नियम केला की सावळ्या रंगाच्या माणसाला दुःखी, मागे पडलेले, लग्नात किंवा नोकरीत कमनशिबी असे दाखवू नये. नियम व्हायला 39 वर्षे लागली, कारण 'फेअर अँड लव्हली' हे मलम 1975 साली बाजारात आले होते. त्या मलमाचे नावही 2020 साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, ही चांगली गोष्ट. पण ज्या आयांनी ती नळी चेहऱ्याला चोळीत तरुणपण घालवले, त्यांच्या मनातले नाव कोण बदलणार?

मग साध्यासुध्या बायकांनाच जाहिरातीत का घेत नाहीत, असा प्रश्न येईल. घेतातही. डव्ह साबणाने 2004 सालापासून जाड, सुरकुतलेल्या, ठिपके असलेल्या बायका जाहिरातीत आणल्या. ते मला आवडले. अशा बायका पुन्हा पुन्हा दिसल्या तर डोळ्यांची सवय बदलते, यात संशय नाही. फक्त एवढे ध्यानात असू द्या की डव्ह आणि ते गोरेपणाचे मलम ही दोन्ही एकाच युनिलिव्हर घराण्यातली. 'तू आहेस तशीच सुंदर' हे एका हाताने विकायचे, आणि 'तू आहेस तशी चालणार नाहीस' हे दुसऱ्या हाताने. दुकानदाराला दोन्ही गिऱ्हाइके हवीत. तेव्हा खऱ्या बाईचे चित्र पाहून आनंद माना, पण त्याबद्दल कंपनीचे उपकार मानण्याचे कारण नाही.

शिक्षकांना एक सुचवतो. महिन्याभराची वर्तमानपत्रे वर्गात आणवा. कपड्यांच्या, दागिन्यांच्या जाहिराती मुलांकडून कापून घ्या आणि मोजायला लावा: चाळिशीच्या पुढची बाई किती वेळा आली, सावळी किती वेळा, चष्मा लावलेली, हातात काम असलेली किती वेळा. हे मोजायला मुलगे हवेतच. वर्गातल्या जाड मुलीला टोपणनाव ठेवणारे तेच असतात, आणि कधी कधी, बोलू नये पण बोलतो, शिक्षकही असतात. ते आधी थांबू द्या.

आणि शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती हाती ठेवून मोकळे होऊ नका. ती डबा खाल्ल्यावरच द्या. उपाशीपोटी घेतली की मळमळते, आणि मग पुढच्या आठवड्यात मुलगी ती गुपचूप खिडकीबाहेर टाकते.