उसनी निष्ठा : बाल्टिमोर शहराची गोष्ट

शेजारच्या घरून विरजण आणावें, दूध मात्र आपलें असावें, आणि सकाळीं लागलेलें दहीं कोणाचें म्हणावें असा प्रश्न घरांतल्या मुलानें विचारावा, तसा कांहींसा प्रकार अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत खेळांच्या बाबतींत घडत असतो. तेथल्या एखाद्या मुलानें बापाला विचारलें, बेसबॉलमध्यें आपला संघ कोणता, तर बाप तत्काळ सांगतो, ‘ओरिओल्स’. फुटबॉलमध्यें कोणता? ‘रेव्हन्स’. पण बास्केटबॉलमध्यें कोणता आणि हॉकीमध्यें कोणता, असें विचारतांच बाप क्षणभर थांबतो. त्या क्षणभराच्या थांबण्यांत त्या शहराचा अर्ध्या शतकाहून अधिक काळचा इतिहास सांठलेला आहे.

बाल्टिमोर हें मेरिलँड राज्यांतील सर्वांत मोठें शहर. चेसापीक उपसागराकांठचें हें जुनें बंदर गोदी, पोलाद आणि आगगाडी यांच्या जोरावर वाढलें. तेथून नैर्ऋत्येस सुमारें ४० मैलांवर राजधानी वॉशिंग्टन आहे. दोन शहरें इतकीं जवळ असूनहि स्वभावानें दोन टोकांचीं : एकाचा पिंड ओझीं उचलणाऱ्याचा, दुसऱ्याचा कागद हलविणाऱ्याचा. बास्केटबॉल आणि हॉकी या दोन्ही खेळांतले पहिल्या प्रतीचे संघ आज वॉशिंग्टनला आहेत. बाल्टिमोरला एकहि नाहीं.

पुढील हकीकत कळण्यासाठीं श्रोत्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. हॉकी म्हटलें कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें ध्यानचंदांचें हिरवें मैदान उभें राहतें. परंतु येथें अभिप्रेत असलेली हॉकी बर्फावर, पायांत धारेचे बूट घालून खेळली जाणारी आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इंग्लंडांतील फुटबॉलमध्यें लहान गांवचा संघ जिंकत जिंकत वरच्या वर्गांत चढूं शकतो. अमेरिकेंतील मोठ्या व्यावसायिक खेळांत तशी सोय नाहीं. मंडळांत किती संघ असावे आणि ते कोणत्या शहरीं असावे, हें संघांचे मालकच आपसांत ठरवितात. संघ ही मालकाची जिंदगी असते. दुसरीकडे नवें क्रीडागृह आणि अधिक उत्पन्न दिसलें तर तो आपलें बिऱ्हाड हलवूं पाहतो. शहरानें कितीहि जीव लावला तरी त्या जिव्हाळ्याला मताचा अधिकार नसतो. म्हणून एखाद्या शहराला संघ नाहीं याचा अर्थ तेथें खेळाची आवड नाहीं, असा करणें अन्यायाचें होईल.

बाल्टिमोरची आवड तर जुनी आहे. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं व्यायाम घडावा म्हणून सन १८९१ मध्यें स्प्रिंगफील्ड येथें भिंतीला टोपल्या टांगून बास्केटबॉलचा खेळ काढला. त्यानंतर साठ वर्षें होण्यापूर्वींच, म्हणजे १९४८ सालीं, बाल्टिमोरच्या ‘बुलेट्स’ नांवाच्या संघानें व्यावसायिक अजिंक्यपद मिळविलें होतें. पण लक्ष्मी प्रसन्न नव्हती. १९५४ च्या नोव्हेंबरांत, हंगाम चालू असतांनाच, तो संघ बंद पडला. पुढें १९६३ मध्यें शिकागोहून दुसरा एक संघ बाल्टिमोरला आला आणि त्यानें तेंच जुनें नांव धारण केलें.

या दुसऱ्या संघाचा आधारस्तंभ म्हणजे वेस अनसेल्ड. मधल्या जागेवर खेळणाऱ्याच्या मानानें उंची बेताची, पण देह असा भक्कम कीं प्रतिपक्षाला भिंतीवर आदळल्यासारखें वाटावें. १९६८-६९ च्या आपल्या पहिल्याच हंगामांत त्यांना सर्व मंडळांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला. १९७१ मध्यें संघ अंतिम फेरीपर्यंत पोंचला. तेथें मिलवॉकीनें त्याला चारहि सामन्यांत हरविलें. शहर तरीहि खूष होतें. मात्र १९७३ मध्यें मालक एब पॉलिन यांनीं वॉशिंग्टनच्या वेशीशीं, लँडोव्हर येथें, नवें क्रीडागृह बांधलें आणि संघ तेथें नेला. त्याच छपराखालीं १९७४ मध्यें त्यांनीं ‘कॅपिटल्स’ हा हॉकीचा संघ उभा केला. बास्केटबॉलच्या संघाच्या नांवापुढें त्याच वर्षीं वॉशिंग्टनचें नांव लागलें.

खरा पेंच येथून पुढें पडतो. १९७८ मध्यें याच संघानें अजिंक्यपद जिंकलें आणि अंतिम फेरींतील सर्वोत्तम खेळाडू ठरले ते अनसेल्ड. ज्या झाडाला बाल्टिमोरनें पाणी घातलें त्याचें फळ वॉशिंग्टनच्या अंगणांत पडलें. बाल्टिमोरकरानें तेव्हां आनंद मानावा कीं विषाद? कित्येकांनीं आनंद मानला, कारण खेळाडू ओळखीचा होता, नांव ओळखीचें होतें. १९८८ पासून संघ दरसाल कांहीं सामने खेळण्यासाठीं जुन्या गांवीं येतहि असे. सासुरवाशिणीनें सणाला माहेरीं यावें तसा. १९९७ मध्यें तेंहि थांबलें. संघ वॉशिंग्टनच्या मध्यवस्तींत राहावयास गेला आणि ‘बुलेट्स’ म्हणजे बंदुकीच्या गोळ्या हें नांव हिंसेनें त्रस्त झालेल्या नगरींत शोभत नाहीं म्हणून बदलून ‘विझर्ड्स’ झालें. कारण योग्यच होतें. पण त्याबरोबर जुन्या घराशीं जोडणारा शेवटचा धागा तुटला. अनसेल्ड यांच्या पत्नीनें मात्र बाल्टिमोर शहरांत मुलांची शाळा काढली आणि ती दीर्घकाळ चालविली. २०२० मध्यें अनसेल्ड निवर्तले तेव्हां दोन्ही शहरांनीं त्यांना आपलें म्हटलें, आणि दोघांचेंहि म्हणणें खरें होतें.

हॉकीच्या बाबतींत बाल्टिमोरच्या वांट्याला पहिल्या पंक्तीचें पान नीटसें कधीं आलेंच नाहीं. १९६२ मध्यें शहराचें मोठें क्रीडागृह उघडलें तेव्हां ‘क्लिपर्स’ नांवाचा दुय्यम मंडळांतील संघ तेथें खेळूं लागला. १९७५ च्या आरंभीं मोठ्या मंडळाशीं स्पर्धा करणाऱ्या एका नव्या मंडळांतला, मिशिगनमध्यें बुडालेला संघ हंगामाच्या मध्येंच बाल्टिमोरला आणून ठेवण्यांत आला; हंगाम संपतांच तोहि संपला. १९८२ पासून ‘स्किपजॅक्स’ आले. चेसापीकमध्यें कालवें काढण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या शिडाच्या होडीचें हें नांव. गांवाला तें आवडलें. पण दुय्यम संघ म्हणजे दुसऱ्याच्या शेतांतली रोपवाटिका. कांहीं वर्षें तो पिट्सबर्गच्या संघासाठीं खेळाडू तयार करी, नंतर वॉशिंग्टनच्या. १९९३ मध्यें तोहि उठून मेन राज्यांतील पोर्टलंडला गेला. आजहि बाल्टिमोरच्या एखाद्या घरांत वडील पिट्सबर्गचे आणि मुलगा वॉशिंग्टनचा असा भेद आढळला तर त्याचें मूळ या रोपवाटिकेच्या हिशेबांत शोधावें लागतें.

निष्ठा उसनी देतांना बाल्टिमोरचा हात कां आंखडतो, हें समजण्यास मात्र तिसऱ्या खेळाची, अमेरिकन फुटबॉलची, हकीकत सांगणें प्राप्त आहे. ‘कोल्ट्स’ हा त्या शहराचा केवळ संघ नव्हे, अभिमान होता. २८ डिसेंबर १९५८ रोजीं जॉनी युनायटस यांच्या नेतृत्वाखालीं त्यानें न्यूयॉर्कच्या संघाला न्यूयॉर्कमध्येंच, जादा वेळांत, २३-१७ असें हरवून अजिंक्यपद मिळविलें. असा संघ १९८४ च्या मार्चमधील एका रात्रीं, बर्फ पडत असतां, सामानाच्या गाड्यांत भरून इंडियानापोलिसला नेण्यांत आला. राज्याचें विधिमंडळ संघ ताब्यांत घेण्याचा कायदा करीत होतें. तो होण्यापूर्वीं मालकानें रातोरात बिऱ्हाड उचललें. सकाळीं शहर जागें झालें तों घर रिकामें! युनायटस यांनीं तर आपलें नांव इंडियानापोलिसच्या संघाशीं जोडूं दिलें नाहीं. आपण बाल्टिमोरचे, एवढेंच तें शेवटपर्यंत म्हणत राहिले.

पण या संघाचा एक हौशी वाद्यवृंद होता, १९४७ पासूनचा. त्याचे गणवेश त्या रात्रीं धुण्यासाठीं परटाकडे गेले होते, म्हणून तेवढे वांचले. नवरदेव निघून गेला, वऱ्हाड पांगलें, मांडव मोडला, पण वाजंत्री मात्र वाजवीतच राहिली! संघाशिवाय हा वृंद बारा वर्षें मिरवणुकींत, समारंभांत आणि दुसऱ्या गांवच्या सामन्यांतहि वाजवीत होता. नव्या क्रीडागृहासाठीं पैसा मंजूर व्हावा म्हणून तो राजधानी अ‍ॅनापोलिसच्या विधिमंडळापुढें जाऊनहि वाजवून आला. निष्ठेला मूर्ति हवी असें म्हणतात. या लोकांनीं रिकाम्या देव्हाऱ्यापुढें नंदादीप तेवत ठेवला.

त्या भक्तीला फळ आलें, तेंहि कडू-गोड. १९९५ च्या नोव्हेंबरांत क्लीव्हलंडच्या संघाच्या मालकानें आपला संघ बाल्टिमोरला नेण्याचें जाहीर केलें. ज्याचें जळतें त्याला कळतें. आणि जें आपल्यावर गुदरलें तेंच क्लीव्हलंडवर गुदरत आहे, हें बाल्टिमोरकरांना कळत नव्हतें असें नाहीं. या वेळीं एवढा तरी न्याय झाला कीं जुनें नांव, रंग आणि पूर्वपराक्रम क्लीव्हलंडकडेच राहिले, आणि १९९९ मध्यें तेथें त्याच नांवाचा संघ पुन्हां उभा राहिला. बाल्टिमोरनें लोकांचा कौल घेऊन ‘रेव्हन्स’ हें नवें नांव निवडलें. ज्यांच्या काव्यावरून तें घेतलें ते एडगर अ‍ॅलन पो १८४९ मध्यें याच शहरीं वारले आणि येथेंच त्यांची समाधि आहे. संघ परका आला होता. नांव घरचें ठेवलें. तो जुना वाद्यवृंदहि त्याच नव्या नांवानें वाजवूं लागला.

मग वॉशिंग्टनच्या संघांना टाळी द्यावी कीं न द्यावी? याबाबत शेजाऱ्यांच्या देण्याघेण्याचा पुरा हिशेब पाहिला पाहिजे. बेसबॉलमध्यें याच्या उलट घडलेलें आहे. १९७१ च्या अखेरीस वॉशिंग्टनचा बेसबॉल संघ टेक्सासला गेला, आणि २००५ मध्यें माँट्रिऑलहून नवा संघ येईपर्यंत राजधानीला स्वतःचा संघ नव्हता. १९७२ ते २००४ हीं ३३ वर्षें वॉशिंग्टनचे असंख्य रसिक ४० मैल प्रवास करून बाल्टिमोरच्या ओरिओल्सना आपलें म्हणत आले. त्यांच्या मुलांनीं खेळाडूंचीं नांवें पाठ केलीं तीं बाल्टिमोरच्या खेळाडूंचीं. म्हणजे उसनवारी एकतर्फी नव्हती. एकानें विरजण दिलें, दुसऱ्यानें सणाला पुरण वाटायला पाटा दिला. ही गोष्ट आठवली म्हणजे उसनेपणाची लाज वाटण्याचें कारण उरत नाहीं.

आणि उसनी निष्ठाहि आपली खूण विसरत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचें काव्य १८१४ मध्यें बाल्टिमोरच्याच मॅक्हेन्री किल्ल्यावरील भडिमार पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनीं रचलें. त्याच्या शेवटाकडे एका ओळीच्या आरंभीं ‘ओ’ हा उद्गार येतो. ओरिओल्सच्या सामन्यांत सारें मैदान तो उद्गार एकमुखानें, गर्जून म्हणतें. कारण ‘ओ’ हें त्या संघाचें आद्याक्षर. ही गर्जना वॉशिंग्टनच्या हॉकीगृहांतहि ऐकूं येते. तेथल्या कांहीं लोकांना ती रुचत नाहीं. राष्ट्रगीतांत गांवकी आणूं नये असें त्यांचें म्हणणें. परंतु त्या गर्जनेचा अर्थ सरळ आहे : आम्ही टाळी देण्यास आलों आहों, पण आलों कोठून हें विसरलों नाहीं. ७ जून २०१८ रोजीं कॅपिटल्सनीं आपल्या इतिहासांत प्रथमच स्टॅन्ले चषक जिंकला, तेव्हां बाल्टिमोरच्या अनेक घरांतहि रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळत होते.

बाल्टिमोरचें १९६२ चें तें क्रीडागृह दुरुस्त होऊन २०२३ मध्यें नव्या थाटांत पुन्हां उघडलें. तेथें मुख्यत्वें संगीताचे जलसे होतात. मोठ्या मंडळाचा बास्केटबॉलचा किंवा हॉकीचा संघ तेथें राहावयास आलेला नाहीं. तेव्हां बापापुढें मुलाचा प्रश्न आहे तसाच आहे. त्याचें प्रामाणिक उत्तर असें देतां येईल : ‘बाळ, या दोन खेळांत आपला संघ नाहीं. एक होता, तो गेला. शेजाऱ्याचा आहे, तो चांगला खेळला तर टाळी वाजवावी, कारण त्याच्या पडत्या काळांत तोहि आपल्या अंगणांत टाळी वाजवायला येत असे. फक्त वाजवितांना आपलें गांव कोणतें, तें ध्यानांत ठेवावें.’ संघाचें खरेदीखत मालकाच्या पेटींत असतें आणि तें एका रात्रींत परगांवीं जाऊं शकतें. गांवाच्या आठवणीला असें खरेदीखत नसतें. म्हणूनच सामानाच्या गाड्या भरल्या गेल्या त्या रात्रींहि ती बाल्टिमोरमध्येंच राहिली, आणि दुसऱ्या दिवशीं परटाकडून गणवेश घेऊन आली.