गेम खेळताना कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतो? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मी कर्जत आणि खालापूर तालुक्यांत कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. नेरळपासून खोपोलीपर्यंत कुठूनही फोन येतो आणि त्यातली एक तक्रार ठरलेली असते. "दादा, बाकी सगळं मस्त चालतं, पण गेम लावला की वीस-पंचवीस मिनिटांत मशीन बंद पडून परत चालू होतं." मागून घरच्यांचा आवाज येतो, "गेम खेळून खेळून बिघडवलाय त्याने."

आधी या घरच्या आवाजाबद्दल बोलू. गेम खेळल्याने कॉम्प्युटर असा बिघडत नाही. गेम चालू असताना मशीनला सगळ्यात जास्त वीज लागते, एवढंच. यूट्यूब बघताना जो कॉम्प्युटर शंभर वॉटच्या आत भागवतो, तोच मोठा गेम लावला की साडेतीनशे-चारशे वॉट ओढतो. खोपोलीकरांना हे बोरघाटावरून लगेच कळेल. रिकामा ट्रक कुठलाही घाट चढतो. क्लचचं खरं काय ते भरलेला ट्रक चढताना कळतं. कमजोरी आधीपासून कुठेतरी असते, गेममध्ये ती दिसते.

ती कुठे आहे हे न शोधता पार्ट बदलत सुटलं की पैसे जातात. म्हणून आज क्रम सांगतो. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी.

पहिलं काम म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. "बंद पडतो" या एका शब्दात चार वेगळे आजार असतात. नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला, तर बहुतेक वेळा गेमच्या फाइल किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. निळा स्क्रीन येऊन इंग्रजी अक्षरं दिसली, तर विंडोजने स्वतः काहीतरी पकडलंय, ते नाव लिहून घ्या. मशीन बंद झालं आणि बंदच राहिलं, तर उष्णता किंवा एसएमपीएसचं संरक्षण यांच्यावर पहिला संशय. आणि कुणी प्लग उपटून परत लावावा तसं एकदम काळं होऊन परत सुरू झालं, तर बहुतेक वेळा विजेच्या वाटेवर शोधायचं. हे पक्के नियम नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

कधी कधी निळा स्क्रीन इतक्या पटकन जातो की दिसतच नाही. त्यासाठी विंडोजमध्ये 'अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये जा, तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची टिक काढा. आता निळा स्क्रीन आला तर तो थांबून राहील. टिक काढूनही मशीन थेट रिस्टार्ट होत असेल, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटते आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरं काम, 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज', मग 'सिस्टिम'. तिथे 'कर्नल पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसेल. पुष्कळ मुलं ती बघून घाबरतात आणि मला स्क्रीनशॉट पाठवतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. तिच्या आसपास 'व्हिया लॉगर'ची नोंद असेल तर मात्र प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट अशा हार्डवेअरकडे बघायचं. या नोंदींचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे तारीख आणि वेळ. सगळ्या वेळा वहीत उतरवून घ्या. ही वही पुढे कामाला येते.

तिसरं, तापमान. 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालू ठेवून गेम खेळा. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ जात असेल तर धूळ, पंखा, पेस्ट बघा. पण सत्तर-ऐंशीवर असताना रिस्टार्ट होत असेल तर उगाच पेस्ट बदलत बसू नका.

चौथी चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ती दोन मिनिटांत होते. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट साठवर बांधून टाका आणि 'आफ्टरबर्नर'मध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर आणा. आता तोच गेम दोन तास टिकला, तर दुखणं विजेच्या ओढीशी जोडलेलं आहे. तरीही पडला, तर रॅमकडे वळा. बायोसमधलं 'एक्सएमपी' बंद करून बघा, मेमटेस्ट रात्रभर लावा.

याची दोन उदाहरणं देतो. खोपोलीत एका फ्लॅटमध्ये फ्रेम बांधले की सगळं शांत, सोडले की रिस्टार्ट. उघडून पाहिलं तर ग्राफिक्स कार्डाला दोन सॉकेट आणि दोन्हींना एकाच वायरची दोन तोंडं लावलेली. आठ पिनच्या एका सॉकेटला १५० वॉटपर्यंतचा भार ठरवलेला असतो. दोन्हींचा भार एका वायरीतून, त्यात कार्ड क्षणभर नेहमीच्या कितीतरी जास्त ओढतं. एसएमपीएसच्या डब्यात दुसरी वायर तशीच पडून होती. ती लावली, काम झालं, खर्च शून्य. दुसरं उदाहरण नेरळचं, भर पावसाळ्यातलं. तिथे फ्रेम बांधूनही पडत होतं आणि मेमटेस्टमध्ये चुका येत होत्या. रॅम काढली तर पिनांवर पांढुरका थर. खोडरबराने पिना पुसल्या, स्लॉट ब्रशने साफ केला, परत बसवली. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच, म्हणून कॅबिनेट खिडकीखाली आणि ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

आता ज्यासाठी हा भाग केला, त्या मुलाची गोष्ट. चौकच्या जवळच्या एका गावातला, कॉलेजात शिकणारा. मशीन हप्त्यांवर घेतलेलं. गेम खेळतो, पण त्याच मशीनवर लग्नांचे व्हिडिओ एडिट करून हप्ते भरतो. माझ्याकडे येईपर्यंत त्याने विंडोज दोनदा टाकलं होतं, रॅम नवी घेतली होती, पेस्ट बदलली होती. एका रिस्टार्टमध्ये एका लग्नाचं अर्धं काम उडालं होतं, त्या माणसाचे पैसे परत द्यावे लागले होते. कुणीतरी सांगितलं, कार्ड गेलंय. आता तो कार्ड मिळेल त्या भावात विकायला निघाला होता. मी घरी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "भाऊ, विकूनच टाकू का सगळं? डोक्याला ताप झालाय नुसता."

मी त्याला म्हटलं, आठवडाभर काही विकू नकोस, वेळा लिही. आठवड्यानंतर वही बघितली. सोमवार ते गुरुवार एखाददुसरी नोंद. शुक्रवारी रात्री तीन. शनिवारी संध्याकाळी सात ते अकरा यांत सहा.

मंडळी, ग्राफिक्स कार्डाला वार कळत नाही. पण आपल्या तालुक्यांत शनिवार म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याची मंडळी फार्महाउसवर येतात, एसी लागतात, पंप लागतात. त्याचं घर डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटाला. दुपारी मी मीटर लावला तेव्हा २२६ व्होल्ट होते. शनिवारी रात्री साडेआठला १७२. शेजारची बोअरची मोटर सुरू झाली की आकडा क्षणभर आणखी खाली जायचा, ट्यूब किंचित मिचकावायची आणि तेवढ्यात गेम चालू असेल तर मशीन रिस्टार्ट.

मग यूट्यूब बघताना का नाही पडत? इथे थोडं समजून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो, तो विजेची छोटी टाकी. बाहेरची वीज क्षणभर गेली तर या टाकीवर चालायचं. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते, म्हणजे एक आवर्तनसुद्धा पूर्ण नाही. भार कमी असेल तर टाकी जास्त वेळ पुरते, म्हणून यूट्यूब वाचतो. गेममध्ये ती लगेच रिकामी होते. एसएमपीएस मदरबोर्डला "वीज ठीक आहे" असा एक सिग्नल सतत देत असतो. तो तुटला की मदरबोर्ड मशीन रिसेट करतो.

आणि स्वस्त एसएमपीएसची गोष्ट वेगळी. ज्यात अॅक्टिव्ह पीएफसी नसतं, त्यात टाकीची पातळी बाहेरच्या व्होल्टेजप्रमाणे खाली येते आणि साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० च्या जागी १७२ आले तर साठा जवळजवळ अर्ध्यावर. त्या मुलाच्या एसएमपीएसच्या स्टिकरवर 'इनपुट २०० ते २४० व्होल्ट' असं स्पष्ट छापलं होतं. शनिवारी रात्री ते बिचारं आपल्या हद्दीच्या बाहेर काम करत होतं.

खात्री करायला मशीन गाडीत घालून खोपोलीला माझ्या ओळखीच्या घरी आणलं. तोच गेम, तीच सेटिंग, शनिवारचीच संध्याकाळ. तीन तास खेळला, एकदाही पडलं नाही. तुम्हालाही जमेल तेव्हा हे करा. दुसऱ्या घरात नेऊन खेळणं ही फुकट आणि सगळ्यात खात्रीची चाचणी आहे.

मग कामं केली, स्वस्तापासून. वायरमनला बोलावून घरातला बोर्ड उघडला. न्यूट्रलचा एक स्क्रू सैल आणि काळा पडलेला. तो भाग बदलल्यावर शनिवारचा आकडा १७२ वरून १८५ च्या आसपास आला. कॉम्प्युटर फ्रीजसोबतच्या एक्स्टेंशनवरून काढून स्वतंत्र पॉइंटवर घेतला. मग एसएमपीएस बदलला. इनपुट '१०० ते २४० व्होल्ट', अॅक्टिव्ह पीएफसी, ६५० वॉट, साधा पण नावाजलेला. लॅमिंग्टन रोडला जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, पण स्टिकर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्ड होतं तेच आहे. नंतरचे चार शनिवार वही कोरी राहिली.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच बघा. 'यूपीएस मोड' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे पर्याय असतात. नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो, कॉम्प्युटर पडू शकतो. यूपीएस मोडमध्ये बदल लवकर होतो, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो, मग कमी व्होल्टेजच्या गावात बॅटरी रोज रिकामी होते. वेगळा यूपीएस घेताना अॅक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसबरोबर शुद्ध साइन वेव्हचा घेतलेला बरा, आणि मशीनच्या वॉटपेक्षा मोठा.

एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून वेगळी सांगतो. त्या घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर असा करंट येतो. त्यातून झटका हलका वाटतो, पण त्याचा अर्थ असा की उद्या घरातला गीझर किंवा पंप खराब झाला, तर वीज जमिनीत जायला वाट नाही. आपल्याकडची जमीन खडकाळ, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. वायरमनकडून तो तपासून घ्या. मीटर लावायची सवय नसेल तर सॉकेटमध्ये बसणारा व्होल्टमीटर मिळतो, तो वापरा. आणि एसएमपीएसचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतली टाकी भरलेली असते.

डीपीवरच्या भाराचं काम एका घराचं नाही. गावातल्या पंधरा-वीस जणांनी त्या मुलाची वही आणि व्होल्टेजचे आकडे जोडून लेखी अर्ज दिलाय. वेळ आणि आकडे असलेल्या अर्जाला "बघू" एवढंच उत्तर देणं अवघड जातं. तक्रारीसाठी १९१२ हा नंबरही आहे.

खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या तलावांचं पाणी या दोन तालुक्यांत उतरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. शंभर वर्षांनंतर त्याच तालुक्यातल्या मुलाला शनिवारी रात्री दोनशे व्होल्ट मिळावेत, ही काही फार मोठी मागणी नाही.

तर आजपासून वही सुरू करा. तुमच्या मशीनच्या वेळा, वार, तापमान आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काही केसेस घेऊ. तोपर्यंत कार्ड विकू नका. भेटू.