बंदुकीचा परवाना आणि स्वसंरक्षणाचा हक्क
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमचा आजचा विषय काहींना विहाराच्या व्यासपीठावर न शोभणारा वाटेल. बंदूक! आत्ताच आपण सर्वांनी मिळून पंचशील म्हटले, त्यातले पहिलेच शील प्राणीहिंसेपासून दूर राहण्याचे. आणि लगेच हे काय? पण कुठे अत्याचाराची बातमी आली की वस्तीतली पोरं हाच प्रश्न विचारतात. "आपल्याला बंदुकीचे परवाने का नकोत? कायद्यातच आहे म्हणतात." पोरं विचारतात तर उत्तर द्यायला हवं. गप्प बसवून प्रश्न मिटत नाही. म्हणून आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही कायद्याची पुस्तके काढली, आकडे पाहिले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

कायद्यात आहे, ही गोष्ट खरी आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालचे नियम १९९५ साली आले. त्यातला नियम तिसरा अत्याचारप्रवण भागात सरकारने आधीच कोणती खबरदारी घ्यावी ते सांगतो. तिथे, गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्यासारखे अनुसूचित जातींतून धम्मात आलेले बौद्धही १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतच धरले जातात, म्हणून हा नियम आपल्यालाही लागू.

पण बंधूंनो, त्याच नियमात या कलमाच्या आधी दोन कलमे आहेत. ती कुणी वाचून दाखवत नाही! पहिले म्हणजे त्या भागातल्या इतर समाजांच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातलगांचे, नोकरांचे, मित्रांचे सुद्धा परवाने गरजेप्रमाणे रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. दुसरे म्हणजे बेकायदेशीर हत्यारे जप्त करावीत आणि त्यांची निर्मिती बंद पाडावी. या दोहोंनंतर आपल्या परवान्याचा क्रमांक लागतो. नियम करणाऱ्यांनी हा क्रम सहज लावला असेल की विचारपूर्वक, ते त्यांना ठाऊक. आम्हाला मात्र तोच क्रम बरोबर वाटतो. तो का, ते सांगण्यासाठीच आम्ही इथे उभे आहोत.

परमपूज्य बाबासाहेबांचे या बाबतीत काय म्हणणे होते, हे आधी पाहू. कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यांचेच नाव घेतात. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात त्यांनी विचारले होते की या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला शस्त्र धरू दिले नाही, आणि शस्त्राविना बंड होत नाही. म्हणजे नि:शस्त्र ठेवणे हा गुलामीचाच एक भाग होता. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. ती परत सुरू व्हावी म्हणून किती अर्ज-विनंत्या झाल्या, आणि शेवटी १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. कितीतरी घरांत आजोबांचा वर्दीतला फोटो अजून भिंतीवर आहे.

आता दुसरी बाजू बघा. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली, की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. मागणी काही नवी नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद केले, गोऱ्यांना मात्र मोकळीक ठेवली. त्याचा राग देशभर होता, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या हक्कांच्या ठरावातही नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. तरी बाबासाहेबांनी दुरुस्तीला विरोध केला. ज्याला त्याला बाजारात जाऊन पाहिजे ते हत्यार विकत घेता येऊ लागले तर राज्यकारभार चालायचा कसा, हा त्यांचा मुद्दा. हक्कापेक्षा गरज पडल्यास देशासाठी शस्त्र उचलण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, असेही ते म्हणाले.

१९३६ चे बाबासाहेब आणि १९४८ चे बाबासाहेब यांत विरोध आहे काय? आम्हाला दिसत नाही. शस्त्र एका वर्णाच्या हाती राहावे हे त्यांना मान्य नव्हते, आणि खाजगी घराघरात ते जावे हेही नव्हते. शस्त्र राज्याच्या हाती असावे आणि त्या राज्यात, त्या सैन्यात आपला माणूस असावा. अडचण कुठे येते? राज्य पक्षपाती झाले की मग काय, इथे. पोरांचा प्रश्नही तिथूनच निघतो, आणि तो खोटा नाही.

बिहारमध्ये १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे गावात रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. बायका होत्या, लेकरे होती. जमीनदारांकडे बंदुका होत्या, मजुरांकडे नव्हत्या. २०१३ साली पाटण्याच्या उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या २६ जणांना सोडून दिले. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तिथे बंदूक नव्हती. जमाव होता, काठ्या होत्या, आणि वेळेवर न आलेले पोलीस होते. त्या घरातल्या माउलीने आधीच्या एका मारहाणीत साक्ष दिली होती. आरोपी जामिनावर सुटले आणि घरावर चाल करून आले. अशा वेळी घरात एक बंदूक असती तर? हा प्रश्न आम्हालाही पडला. जमावासमोर एक बंदूक किती वेळ पुरते? आणि ती नंतर कुणाच्या हातात जाते? याचे धड उत्तर आम्हाला कुणी देऊ शकले नाही.

आता देशोदेशीचा अनुभव काय सांगतो ते पाहू. अमेरिकेत हा वाद फार जुना. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार तिथे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त! आपल्या देशात शंभरामागे पाच, त्यातल्या बहुतेक बिनपरवाना. जपानात शंभरामागे एकही नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे २६,३२८ आत्महत्या होत्या. हे ऐकून आमच्या वर्गातल्या एका ताई म्हणाल्या, "म्हणजे चोरासाठी आणलेली बंदूक घरच्याच माणसाला लागते." १९९३ साली तिथे एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरात बंदूक होती तिथे घरातल्या माणसाचा खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट आढळला. यावर बंदूकवाले म्हणतात की ज्याला धोका असतो तोच बंदूक आणतो, बंदुकीमुळे धोका वाढला असे कशावरून? आक्षेप अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. आपल्यातला जो परवाना मागतो तोही धोक्यातच असतो की.

तसे सगळेच हिशेब बंदुकीच्या संख्येवर बसत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये घराघरात बंदुका आहेत, खून मोजकेच होतात. जमैकाने १९७४ साली बंदुकीवर अत्यंत कडक कायदा केला, तरी तिथला खुनाचा दर जगातल्या सर्वांत वरच्या देशांत राहिला. आपल्या देशात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे सुमारे दोन. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे प्रमाण साडेचारच्या आसपास होते. दर निम्म्यावर आला तो काही लोकांनी बंदुका घेतल्या म्हणून नव्हे. त्या २८ हजारांत सर्वांत मोठा वाटा, ९,९६२ गुन्हे, नुसत्या भांडण-तंट्याचा आहे. बांधावरून, पाण्यावरून, पैशावरून. हे खून बहुतेक चाकू, कोयता, काठी, दगड यांनी होतात. रागाच्या त्या घटकेला हाताशी काय आहे, यावर माणूस दवाखान्यात जातो की स्मशानात, हे ठरते. म्हणून आमचे मत बंदुकीच्या विरोधात झुकते. लग्नात हवेत गोळ्या झाडून आपलाच पाहुणा मारणारे काही कमी नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीत सरकारला त्यासाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा घालावी लागली.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती तिथल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. डॉ. मार्टिन ल्युथर किंग यांच्या घरावर १९५६ साली बॉम्ब पडला. तेव्हा त्या अहिंसावादी माणसाने पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना मागितला होता, आणि तो नाकारण्यात आला! पुढे कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरचे तरुण उघड बंदुका घेऊन फिरू लागले, तर १९६७ साली तिथल्या सरकारने भरल्या बंदुकीने उघड फिरणे बंद करणारा कायदा लगोलग केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन. गोरे फिरत होते तोवर कुणाला घाई नव्हती.

२००५ साली फ्लोरिडा राज्याने कायदा केला, की धोका वाटल्यास माघार न घेता जागच्या जागी गोळी झाडता येईल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यानंतर तिथला खुनाचा दर सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. त्याच राज्यात २०१२ साली ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा काळा मुलगा मारला गेला. त्याच्याजवळ हत्यार नव्हते. मारणारा २०१३ साली सुटला. गोऱ्याने काळ्याला मारले तर ते स्वसंरक्षण ठरण्याचे प्रमाण उलट प्रकारापेक्षा कितीतरी जास्त, असेही तिथल्या अभ्यासकांनी दाखवले आहे. कायदा सर्वांना एकच असतो, पण 'मला भीती वाटली' हे कुणाचे खरे मानायचे ते समाज ठरवतो. आपल्या गावात गोळी आपल्या माणसाने झाडली तर त्याची भीती खरी मानतील? मनाला विचारून बघा.

मग हात बांधून मार खायचा का? मुळीच नाही. इथे आमच्या तरुणांना आम्ही बजावून सांगतो, स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहेच, त्यासाठी परवाना लागत नाही. जुन्या दंडविधानात तो ९६ ते १०६ कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तो ३४ ते ४४ कलमांत आहे. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी तो वापरता येतो, म्हणजे शेजारच्या भगिनीसाठी सुद्धा. जीव जाण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची, अ‍ॅसिड हल्ल्याची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. राहत्या घराला आग लावणाऱ्याविरुद्धही तेच. पळून जाणे कायद्याने सक्तीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग खटल्यात पुन्हा सांगितले. मर्यादा दोन. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. हल्लेखोर पळत सुटला, त्याला गाठून मारले, तर ते स्वसंरक्षण राहत नाही.

आणि पहिले शील? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. लेकराला वाचवायला काठी उचलणाऱ्या आईने शील मोडले, असे आम्हाला वाटत नाही. भन्तेजी यावर अधिक अधिकाराने सांगतील.

आता कामाचे बोलू. मारामारीनंतर आपली फिर्याद घेताना समोरच्याचीही उलट फिर्याद घेतली जाते, हे नेहमीचे. म्हणून पहिल्याच जबाबात, आम्ही जीव वाचवण्यासाठी प्रतिकार केला, हे शब्द लिहून घ्या. अंगावरची जखम कितीही लहान असो, सरकारी दवाखान्यात नोंदवा. साक्षीदाराला धमकी आली तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १५-अ दाखवा. २०१६ पासून लागू झालेल्या या कलमाने साक्षीदाराला संरक्षण देणे सरकारवर बंधनकारक आहे. खैरलांजीच्या वेळी हे कलम नव्हते.

ज्याला परवाना मागायचाच आहे त्याने मागावा. एकवीस वर्षे पूर्ण हवीत. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. नाकारला तर अपील आहे. पण साध्या रिव्हॉल्वरलाही लाखाच्या आसपास पैसे पडतात. तेवढ्यात मुलीचे दोन वर्षांचे शिक्षण होते, एवढेच म्हणतो.

आमची मागणी वेगळी आहे. निवडणूक आली की जिल्हाधिकारी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. तेव्हा कुणी कुरकुर करत नाही. मतपेटीसाठी जे होते ते वस्तीसाठी का होऊ नये? ज्या गावात बहिष्कार आहे, धमक्या आहेत, तिथे नियम तिसऱ्याप्रमाणे हत्यारे आधी जमा करा. जिल्ह्याच्या दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावीच लागते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. अर्जाचा मसुदा आम्ही तयार करून आणला आहे. ज्यांच्या गावाकडे असे वातावरण आहे त्यांनी गावाचे नाव, तालुका आणि पोलीस ठाणे आज जाण्याआधी महिला मंडळाच्या टेबलावर लिहून द्यावे. चहा तिथेच आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.