मिस्साचा जरीचा झगा

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. १७४० पर्यंत तिथलं चौल पोर्तुगीजांकडे होतं, आणि चौलचं रेशीम दूरवर नावाजलेलं. चर्चलाही रेशमाचं मोल मोठं. मिस्सा या चर्चमधल्या उपासनेच्या वेळी धर्मगुरू सर्वांत वर घालतात तो बिनबाह्यांचा झगा म्हणजे मुळात रोमन लोकांचा साधा प्रवासी अंगरखा! पुढे त्यावर जरीचं भरतकाम आलं, कापड जड झालं. मग हात मोकळे राहावेत म्हणून बाजू कापत नेल्या. रंग सणांप्रमाणे: नाताळ-ईस्टरला पांढरा, हुतात्म्यांच्या सणाला लाल, उपवासकाळात जांभळा. जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात असे झगे जपलेत. पेण-रोहेकरांनी ते जवळून पाहावेतच. रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार दमट हवेत काळवंडते, आणि घडीवर रेशीम चिरतं. म्हणून झगे आडवे पसरून ठेवणं बरं.