सरगुंडे आणि इटलीचा पास्ता

पोरी पाकिटातला पास्ता मागतात, म्हणून आम्ही गटातल्या बाया तो घरीच करायला शिकलो. इटलीच्या दक्षिणेला, कलाब्रियात, बन्सीसारख्या गव्हाचा रवा नुसत्या पाण्यात मळतात आणि विणायच्या सुईसारख्या लोखंडी सळईवर वळतात. अहो, हे तर आपले सरगुंडेच! आपण काडीवर वळतो आणि आमरसासोबत खातो, एवढाच फरक.

पहिल्या खेपेला आमचा लगदा झाला. गोळा सैल होता, पाणीही नीट उकळलं नव्हतं. आता घट्ट मळून अर्धा तास झाकतो, खळखळत्या मिठाच्या पाण्यात टाकतो, दाताला किंचित लागतो तेव्हाच उपसतो. वर लसूण-टमाट्याचा रस्सा. तिकडे ऑलिव्हचं तेल, आमच्याकडे फल्लीचं.

सरगुंडे सरसर वळणारी आमच्यात एकच आजी उरली आहे. पोरी आता काड्या घेऊन तिच्याजवळ बसतात.